तेरच्या विटा कोणाची साक्ष देतात?

येडशी व तेरणाकाठच्या गावांतील नवदीक्षित बंधू-भगिनींनो,

तुम्ही धम्मदीक्षा घेतलीत त्या दिवसापासून एक प्रश्न तुमचा पाठलाग करीत आहे. पारावर, आठवड्याच्या बाजारात, शाळेच्या ओसरीवर तो विचारला जातो. कधी कुत्सितपणे, तर कधी वरपांगी सहानुभूतीने. "आमचे रामलिंग पाहा, किती पुरातन! श्रावणात सारा मुलूख तेथे लोटतो. तुमचा धर्म १९५६ सालचा. ह्या भागात तुमचे म्हणून जुने असे आहे तरी काय?" हा प्रश्न ऐकून आपला तरुण खाली मान घालतो, आणि आपली वृद्ध माता मनात म्हणते, की चार लोकांबरोबर श्रावणी सोमवारी घाटात जाऊन यावे, त्यात काय बिघडले?

ह्या प्रश्नाला उत्तर आहे. ते पुस्तकात शोधावयास नको. येडशीहून फार दूर नसलेल्या तेर गावी, तेरणा नदीच्या काठी, ते भाजक्या विटांत बांधलेले उभे आहे. परंतु ते उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. कारण ते जितके आपल्या विरोधकांना आहे, तितकेच आपल्यालाही आहे.

तगर नगरीची हकीकत

आजचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक प्रवासवर्णनात ह्या नगरीचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर आहे, तेथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जाते, असे तो सांगतो. टॉलेमीच्या भूगोलातही हे नाव येते. हे तगर म्हणजे नेमके कोणते गाव, ह्याविषयी विद्वानांत बराच काळ वाद होता. १९०१ साली फ्लीट ह्यांनी ते तेरच असल्याचे प्रतिपादन केले. पुढे हेन्री कझिन्स ह्यांनी प्रत्यक्ष पाहणी करून पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात तेरवर सविस्तर लेख लिहिला.

१९५८ साली तेथे चापेकर ह्यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. साठच्या दशकाच्या अखेरीस राज्य शासनाच्या पुरातत्त्व खात्यानेही उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. विटांनी बांधलेल्या स्तूपाचे अवशेष सापडले. नाणी, मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या ह्यांची तर गणतीच नाही. त्यांतील पुष्कळ वस्तू तेर येथीलच रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी आयुष्यभर वेचून जमविल्या, आणि आज त्या त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात मांडलेल्या आहेत. तेथे एका स्त्रीची लहानशी कोरीव मूर्ती आहे. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई ह्या ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या शहरात सापडली. म्हणजे आपल्या तेरणाकाठचा माल रोमपर्यंत जात होता. ज्या मुलखाला आज 'दुष्काळी' म्हणून हिणविले जाते, त्याची ही पूर्वस्थिती होती.

त्या वैभवकाळी तेथील व्यापारी, विणकर, कारागीर स्तूप उभारीत होते. भडोच, पैठण, जुन्नर, नाशिक ह्या व्यापारी मार्गांच्या जवळपास जिकडेतिकडे बौद्ध लेणी का दिसतात, ह्याचे कारण हेच होय. धम्म राजाच्या फर्मानाने नव्हे, तर राबणाऱ्या व व्यापार करणाऱ्या लोकांच्या दानाने उभा राहिला. पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांचे दानलेख वाचा. त्यांत सुतार आहेत, लोहार आहेत, माळी आहेत, भिक्षुणी आहेत. 'तुमचे जुने काय?' असे विचारणाऱ्यास प्रथम हे सांगा.

त्रिविक्रमाचे देऊळ

आता मुख्य गोष्टीकडे वळू. तेर येथे त्रिविक्रमाचे देऊळ म्हणून प्रसिद्ध असलेली एक विटांची इमारत आहे. तिच्या पुढे सपाट छताचा मंडप आहे. परंतु मागील मूळ वास्तू पाहा. तिची मागची बाजू अर्धवर्तुळाकार आहे. तिचे छप्पर हत्तीच्या पाठीसारखे, पिंपाच्या आकाराचे आहे. दर्शनी भागी घोड्याच्या नालासारखी कमान आहे. कार्ले-भाजे येथील डोंगरात कोरलेला चैत्य ज्याने पाहिला आहे, त्याला ही आकृती ओळखावयास वेळ लागत नाही. तेथे जे दगडात कोरले, तेच येथे विटांत रचले आहे. कझिन्स ह्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हेच लिहिले, की ही वास्तू मुळात बौद्धांचे चैत्यगृह असून पुढे ती वैष्णव देवालयात रूपांतरित झाली. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वराचे देऊळ ही तशीच दुसरी वास्तू होय. तेथे चैत्यात शिवलिंग आले, येथे विष्णू आला, एवढाच भेद.

ह्यावर कोणी म्हणेल, की अर्धवर्तुळाकार मागची बाजू ब्राह्मणी देवळांनाही असते. खरे आहे. ऐहोळे येथील दुर्ग मंदिर तसेच आहे. तेव्हा एकट्या आकारावरून निकाल देऊ नये, हे आम्हांसही मान्य. परंतु आकार, पिंपासारखे छप्पर, चैत्यकमान, मागाहून जोडलेला मंडप आणि त्याच गावी सापडलेला स्तूप ही सर्व एकत्र ठेवून विचार केला, म्हणजे कझिन्सचे अनुमान उडवून लावणे सोपे नाही. ज्यास ते पटत नसेल त्याने प्रतिवाद करावा. आमची तक्रार प्रतिवादाविषयी नाही. आमची तक्रार मौनाविषयी आहे. शतकभर ही गोष्ट विद्वानांच्या अहवालांत छापलेली आहे. परंतु तेरला येणाऱ्या सामान्य यात्रेकरूच्या, शाळेच्या सहलीला येणाऱ्या मुलाच्या कानी ती किती वेळा पडते?

आणि तेथे बसविलेला देव कोणता, हेही ध्यानी घ्या. त्रिविक्रम म्हणजे वामनाचे विराट रूप. तीन पावलांत बळीराजाचे सर्वस्व हिरावून घेणारा तो. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना जोतीराव फुले ह्यांनी ह्या कथेचे मर्म उघडे केले. बळी हा प्रजेचा राजा, आणि वामन हा कपटाने राज्य बळकाविणारा परका. आजही आपल्या मराठवाड्यातील माउली दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य परत यावे असे मागणे मागते. वामनाचे राज्य कोणीही मागत नाही! लोकांच्या जिभेवर बळी आणि गाभाऱ्यात वामन, असा हा प्रकार आहे. ज्या चैत्यात समतेचा उपदेश झाला असेल, तेथे बळीला पायाखाली घालणारा देव उभा राहावा, ह्याहून बोलका इतिहास कोणता असू शकेल? बुद्धास विष्णूचा नववा अवतार ठरविण्याची जी रीत, तीच ही रीत. एकीत बुद्धाचे नाव गिळले, दुसरीत त्याचे घर. म्हणूनच बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत अवताराच्या कल्पनेचा स्वतंत्रपणे धिक्कार करावयास लाविला. ती प्रतिज्ञा शोभेसाठी नाही.

आमचा हक्क कोणता आणि कोणता नव्हे

एवढे वाचून ज्याचे रक्त तापले असेल, त्याने येथे क्षणभर थांबावे. दोन चुकीच्या वाटा आहेत आणि दोन्ही टाळल्या पाहिजेत.

पहिली वाट देऊळ 'परत घेण्याची'. ती आमची वाट नव्हे. १९९१ सालच्या कायद्याने प्रार्थनास्थळांचे स्वरूप १५ ऑगस्ट १९४७ रोजी होते तसेच राहावे असे ठरविले आहे, हे एक कारण. परंतु कायदा नसता तरीही आम्ही हेच म्हटले असते. दुसऱ्याच्या पूजास्थानावर हातोडा घेऊन जाणे हा बुद्धाच्या शिष्याचा धर्म नाही. इतिहासातील अन्यायाचा सूड आजच्या गरीब शेजाऱ्यावर उगविणारे लोक ह्या देशात पुष्कळ झाले. त्यांच्या पंगतीला आपण जाऊन बसावयाचे कारण नाही.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. 'मुळात ते आपलेच होते, मग दर्शनाला गेले तर काय झाले?' असे म्हणून नारळ घेऊन जाण्याची ती वाट. बंधूंनो, विटा बौद्धांच्या असतील. म्हणून वामन बौद्ध होत नाही. पाहावयास अवश्य जा. मुलांना घेऊन जा, कमान दाखवा, छप्पर दाखवा. परंतु पाहणे निराळे आणि पूजणे निराळे. रामलिंगाच्या घाटातील वनश्री पाहावयास, पावसाळ्यातील ओढा पाहावयास जाण्यास कोणाची मनाई आहे? ते वन १९९७ पासून अभयारण्य आहे आणि ते सर्वांचे आहे. तथापि तेथे नवस फेडणे हे दीक्षा घेताना उच्चारलेल्या पहिल्या दोन प्रतिज्ञा मोडणे होय. एक पाय विहारात आणि एक पाय देवळात ठेवणारा माणूस कोठेच पोहोचत नाही.

तिसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. जे जुने दिसेल ते सारे आपले म्हणू नका. धाराशिव शहराजवळच्या लेण्यांचे उदाहरण घ्या. त्यांत आज जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत आणि जैन परंपरेत ह्या लेण्यांची जुनी कथा आहे. ती मुळात बौद्ध असून मागाहून जैन झाली, असे ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांचे मत आहे. इतरांनी ती जैनच मानिली आहेत. ह्या मतभेदात आपल्या सोयीचे मत तेवढे उचलून जैन बांधवांशी भांडणे आपल्याला शोभत नाही. तेरला गोरोबा कुंभारांची समाधी आहे. तेथेही आपण आदराने बोलावे. मातीत हात घालून राबणारा तो संत होता. मात्र हेही सांगावे, की संतांनी भक्तीचे दार उघडले तरी देवळाचे दार उघडले नाही. चोखोबाला पंढरपुरी पायरीपाशीच थांबावे लागले. बाबासाहेबांनी १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' हा ग्रंथ लिहिला आणि तो नंदनार, रविदास व चोखामेळा ह्यांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांविषयी आदर आणि संतांच्या पुढे जाण्याचा निर्धार, दोन्ही त्या एका अर्पणात आहेत. त्याच ग्रंथात त्यांनी आपले पूर्वज बौद्ध असल्याचा सिद्धांत मांडला. तो मानणाऱ्यास तेरच्या विटा परक्या वाटणार नाहीत.

मग आमचा हक्क कोणता? सत्य सांगितले जाण्याचा हक्क. वास्तूपाशी जी माहिती लोकांना देण्यात येते, तीत चैत्यगृहाविषयीचे मत ठळकपणे आलेच पाहिजे. विरुद्ध मत असल्यास तेही यावे. शाळेच्या पुस्तकात तगर यावे, स्तूप यावा. ह्यात कोणाची पूजा थांबत नाही, कोणाचा देव हलत नाही. हलेल तो फक्त एक समज, की ह्या भूमीचा इतिहास एकाच धर्माचा आहे.

नावाचे राजकारण

२०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. प्राचीन नाव परत आणले, असे सांगण्यात आले. ठीक आहे, नावास आमचा विरोध नाही. परंतु इतिहास उकरावयास निघालात, तर एका मजल्यावर का थांबता? आणखी खाली उतरा. तेथे तगर आहे, स्तूप आहे, चैत्य आहे. निजामाच्या काळाखालचे दिसते आणि वामनाच्या पायाखालचे दिसत नाही, ही कसली दृष्टी?

नाव बदलणे ह्याच मराठवाड्यात आपल्या वाट्याला कसे आले, ते घराघरांतील वडीलधाऱ्यांना विचारा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यापायी गावोगाव दलित वस्त्या पेटविण्यात आल्या, माणसे मारण्यात आली. ज्यांनी विद्यापीठाची पायरी कधी पाहिली नव्हती, अशा मजुरांची घरे एका पाटीसाठी जळाली. प्रत्यक्ष नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामविस्ताराच्या तडजोडीने. म्हणजे सोळा वर्षे! पाटीवरील दोन शब्दांना काही अर्थ नसतो असे जे आपल्याला शिकवितात, त्यांना ही सोळा वर्षे मोजून दाखवा.

बोधगयेकडे पाहा. साऱ्या जगातील बौद्धांचे ते परमपवित्र स्थान. परंतु १९४९ च्या कायद्यान्वये तेथील व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू असतात, आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष असतो. तो अध्यक्ष हिंदूच असला पाहिजे ही अट २०१३ साली गेली. समितीची रचना मात्र तशीच राहिली. २०२५ साली भिक्खूंना त्यासाठी उपोषणास बसावे लागले. दुसऱ्या कोणत्या धर्माच्या मुख्य स्थानाची अशी निम्मेनिम वाटणी झाली आहे? तेव्हा तेरचा प्रश्न हा एका खेड्यातील जुन्या इमारतीचा प्रश्न आहे असे समजू नका.

दौलताबादची आठवण

काही सुशिक्षित म्हणतात, "आता स्मारके सर्वांना खुली आहेत, मग जुन्या गोष्टी कशाला?" त्यांनी १९३४ सालची हकीकत वाचावी. ती स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेविली आहे. ते सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या मंडळींनी दारातील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यावरून, धेडांनी हौद बाटविला म्हणून जमाव धावून आला. अखेर पाण्याला शिवावयाचे नाही, ह्या अटीवर आणि पाहऱ्यात त्यांना किल्ला दाखविण्यात आला. ज्यांच्या पूर्वजांची लेणी पाहावयास ते निघाले होते, त्यांना वाटेवरच्या पाण्याचीही बंदी! दार उघडे असणे आणि माणूस म्हणून आत जाणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे त्या दिवसाने शिकविले. महाडच्या तळ्याने आणि नाशिकच्या काळारामाने तेच शिकविले. म्हणून दुसऱ्याच्या दाराशी धरणे धरण्याचे पर्व बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यास संपविले.

पुरातनपणाचा खरा धडा

आता त्या कुत्सित प्रश्नाचे दुसरे उत्तर ऐका. पहिल्याहून ते महत्त्वाचे आहे. समजा, तेरला एकही वीट सापडली नसती, तर धम्म खोटा ठरला असता काय? मुळीच नाही. परंपरेने चालत आले म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, असे कालामांना सांगणारा आपला शास्ता आहे. जुनेपणा हाच खरेपणाचा पुरावा मानिला, तर अस्पृश्यतेएवढी जुनी आणि म्हणून खरी गोष्ट दुसरी सापडणार नाही! १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस नवा आहे, ह्याची लाज कशाला? माणूस ज्या दिवशी उभा राहतो, तो दिवस नवाच असतो.

मग तेरच्या विटांचा उपयोग काय? त्यांचा उपयोग अभिमानाला थोडा आणि सावधगिरीला फार. तो चैत्य कोणी पाडला नाही. विटा तशाच राहिल्या. भिक्खू गेले, उपासक पांगले, दानाचा ओघ आटला, आणि रिकाम्या घरात दुसरा येऊन बसला. वास्तू तिच्या भिंतींच्या बळावर टिकत नाही. तिच्यात रोज येणाऱ्या माणसांच्या बळावर ती टिकते. ही गोष्ट दीड हजार वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या वस्तीतील विहाराकडे पाहा. वर्षातून तीन दिवस तो उघडतो आणि बाकीचे दिवस त्यात मंडपाचे सामान पडलेले असते, असे तर नाही ना? त्याची जागा ग्रामपंचायतीच्या नमुना आठला कोणाच्या नावे आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? न्यास नोंदलेला आहे काय? नसेल, तर पन्नास वर्षांनी तेथे कोणता देव बसेल, हे आम्ही सांगू शकत नाही.

आणि स्मारक म्हणजे केवळ चैत्य नव्हे. येडशीजवळच कसबे तडवळे आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब तेथे महार-मांग वतनदार परिषदेस आले होते. वतन म्हणजे गावकीच्या गुलामगिरीला बांधणारा दोर, हे ते १९२८ पासून कायदेमंडळात सांगत होते. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने हलकी वतने नाहीशी झाली. ती परिषद ऐकलेली पिढी आता गेली. त्यांच्या आठवणी कोणी लिहून ठेविल्या काय? तेरच्या चैत्याचा इतिहास आपल्याला एका इंग्रज अधिकाऱ्याच्या अहवालातून वाचावा लागतो, ह्याचे दुःख करणाऱ्या समाजाने आपल्या आजोबांचा इतिहास तरी दुसऱ्याच्या हाती सोडू नये.

आता करावयाचे काय

प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी मुलांसह तेरला जावे. आधी संग्रहालय पाहावे, मग चैत्य. हार-नारळ न्यावयाचे नाही. वही न्यावी.

गावोगावच्या पंचांनी आपापल्या सहीने पुरातत्त्व खात्याकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी, की तेरच्या वास्तूचा पूर्ण इतिहास मराठीत, ठळक अक्षरांत, जागेवरच लावावा. भाषा संयमाची असावी, परंतु मागणी सोडू नये.

विहाराची जागा, न्यास आणि हिशेब ह्यांची कागदपत्रे पुरी करावीत. विहार रोज संध्याकाळी उघडावा. वंदना झाल्यावर तेथे मुलांचा अभ्यास चालावा. ज्या विहारात दिवा जळतो आणि मूल पाढे म्हणते, तो विहार कोणाच्याने घेववत नाही.

आणि जनगणनेचा माणूस दारी येईल तेव्हा धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असेच लिहवून घ्यावे. आपल्या हातची ही एक वीट आहे. २०११ साली महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक लोकांनी ती रचिली. सवलती जातील ही भीती कोणी घातली, तर त्यास सांगा, की १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचे हक्क केंद्रातही कायम झालेले आहेत. घरात बुद्धाची तसबीर आणि सरकारी कागदावर हिंदू, ह्याला धर्मांतर म्हणत नाहीत. आपण स्वतःच आपली नोंद पुसणार असू, तर तेरच्या पाटीसाठी सरकारशी भांडण्याचा अधिकार आपल्याला कोठून येणार?

तगर नगरीच्या विणकरांनी आपल्या मिळकतीतून विटा दिल्या. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. परंतु त्यांनी जे बांधले त्याची ओळख पुसावयास शतके लागली, आणि तरीही ती पुरती पुसली गेली नाही. आपल्या पिढीचे बांधकाम नुकते कोठे जोत्यावर आले आहे. ते अर्धे सोडून यात्रेच्या गर्दीत मिसळून जावयाचे, की पुरे करून मुलांच्या स्वाधीन करावयाचे, हे तुमच्या हाती आहे.

जय भीम!